दुपारचं जेवण आणि स्ट्रीट फोटोग्राफी: आधी टेबल बघा, मेन्यू नंतर

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन शहरात फिरायचं, मधे कुठल्यातरी साध्या हॉटेलात जेवायचं आणि परत फिरायचं असा तुमचा बेत असतो. सकाळचे फोटो बरे येतात पण बारा ते तीनमधले जवळजवळ सगळे डिलीट होतात, जेवल्यावर पाय उचलत नाहीत, बरोबरचा मित्र वैतागतो आणि टेबलावरचे फोटो पिवळे येतात. शेवटी विचारलंय की लेन्स २८ मिलिमीटरची घेऊ, ३५ घेऊ की ५० (आकडा लहान तितकं जास्त रुंद दिसतं).

लेन्सचं शेवटी बोलू, कारण लेन्स बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. तुमच्या लिहिण्यातून मला दिसतंय ते असं की तुम्ही जेवणाला ब्रेक धरताय. फोटो थांबले, जेवण झालं, फोटो परत सुरू. त्यामुळे हॉटेल निवडताना फक्त भूक आणि मेन्यू बघितला जातो आणि जागा मिळते ती आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, दिव्याखाली. मी बरोबर उलटं करते. शहरात एका जागी तासभर, कुणी काही न विचारता, बसायला दुसरीकडे कुठे मिळतं सांगा? फुटपाथवर कॅमेरा घेऊन दहा मिनिटं उभं राहिलं की लोक बघायला लागतात, कुणीतरी येऊन काय करताय म्हणून विचारतं, पण जेवायला बसलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं.

स्ट्रीट करणाऱ्यांच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे चालत चालत शोधत जायचं आणि दुसरी म्हणजे गळ टाकून बसायचं, आधी चौकट ठरवायची आणि माणूस तिच्यात यायची वाट बघायची. फ्रेंच फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा, फ्रान्समधल्या इएर गावातला फोटो आठवा, वरून दिसणारा गोल जिना, कठडा, खालचा रस्ता सगळं जागच्या जागी आहे आणि त्यात एक सायकलवाला निघून जातोय. तिथे सायकलवाला नसता तरी चौकट उभीच होती. जेवणाचा तास या दुसऱ्या पद्धतीसाठी आहे, म्हणून सकाळी चाला आणि दुपारी बसा. दुपारचं ऊन डोक्यावर असतं तेव्हा भटकून तसंही हाताला कमी लागतं.

आता यात काय काय परिस्थितीवर आहे ते आधीच सांगते. विषुववृत्तापासून लांबच्या शहरात हिवाळ्यात भर दुपारीसुद्धा सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात, तिथे मी सांगते त्यातलं अर्धं लागणारच नाही. रस्ता अरुंद आणि इमारती उंच असल्या तर उजेडाचं गणित वेगळं, मोकळा चौक असला तर वेगळं. हॉटेलाला काच आहे की नुसता उघडा दर्शनी भाग आहे यानेही फरक पडतो. आणि फोटो काढण्याबद्दलचे कायदे देशागणिक बदलतात, त्याकडे खाली येते.

टेबल कसं शोधायचं ते सांगते, कारण माझ्या मते सगळा खेळ इथे आहे. दुपारी अरुंद रस्त्याची एक बाजू उन्हात असते आणि एक सावलीत. हॉटेल सावलीच्या बाजूचं घ्या आणि खिडकीतून उन्हाची बाजू दिसेल असं बसा. याचे दोन फायदे. एक म्हणजे बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असल्यामुळे काचेत आतल्या गोष्टींची प्रतिबिंबं फिकी पडतात, बाहेरचं स्वच्छ दिसतं. दुसरं म्हणजे समोरच्या उन्हातल्या भिंतीवरून परत येणारा उजेड तुमच्या टेबलावर पडतो आणि तो मऊ असतो, डोळ्याखाली काळे खड्डे पडत नाहीत, ताटावर पांढरे डाग पडत नाहीत. समोर हलक्या रंगाची भिंत असली तर विचारूच नका. मात्र ती भिंत भडक रंगाची असली तर तो रंग टेबलावर उतरतो, मग चेहरे हिरवट नाहीतर लालसर दिसतात, ते बसायच्या आधी तळहात खिडकीकडे धरून बघून घ्यायचं. मी हात असा धरून बघते आणि मग बसते, लोकांना वाटतं काहीतरी विधी चाललाय पण खूप उपयोग होतो.

उजेड बाजूने येईल अशी खुर्ची तुमची. मित्राला खिडकीकडे तोंड करून बसवा, तुमच्या दिवसातला सगळ्यात चांगला पोर्ट्रेट तिथेच मिळेल आणि त्याची तक्रारही कमी होईल.

वेळेचं म्हणाल तर गर्दी व्हायच्या आधी अर्धा तास जाऊन बसा. एक तर खिडकीची जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे ऑफिसं सुटून लोक जेवायला बाहेर पडतात तेव्हा तुम्ही आधीच बसलेले असता, सेटिंग लावलेली असते, चौकट ठरलेली असते. बहुतेक जण नेमके त्या वेळेला टेबलासाठी रांगेत उभे असतात आणि रस्त्यावर घडायचं ते त्यांच्या पाठीमागे घडून जातं. पण एक पाळा, रांग लागली आणि तुमचं खाऊन झालं की उठा. टेबल हे हॉटेलवाल्यांचं पोट आहे, फोटोसाठी अडवून ठेवू नका. मी बिल मधेच देऊन टाकते म्हणजे नंतर कुणाची वाट बघायला लागत नाही.

आता तुमचे दुपारचे फोटो डिलीट का होतात. कडक उन्हाचा ढोबळ नियम माहीत असेल, एफ/१६ ला (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) शटर म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), सेकंदात. आयएसओ ४०० धरलं तर एफ/१६ ला १/४००, म्हणजेच एफ/८ ला १/१६००. तुम्ही बसलाय त्या टेबलावर त्याच आयएसओला एफ/४ आणि १/१२५ च्या आसपास लागेल. फरक झाला पाच-सहा स्टॉपचा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. कॅमेरा ऑटोवर असला आणि चौकटीत अर्धं टेबल अर्धा रस्ता आला की तो मधलं काहीतरी पकडतो, रस्ता पांढराफटक आणि टेबल काळपट, दोन्ही गेले. म्हणून दोघांतलं एक निवडायचं. रस्ता निवडला तर आतली माणसं, खुर्च्या, खिडकीची चौकट काळ्या आकृत्या होऊन जाऊ देत, तेच छान दिसतं. टेबल निवडलं तर बाहेरचं उडू दे. बऱ्याच कॅमेऱ्यांवर सेटिंग सेव्ह करायची सोय असते (डायलवर सी१, सी२ अशा खुणा), सी१ वर रस्ता आणि सी२ वर टेबल असं लावून ठेवा, मग डायल फिरवायला एक सेकंद लागतो. रस्त्यासाठी मी हायलाइट म्हणजे सगळ्यात उजळ भाग वाचवते, उन्हाच्या पट्ट्यावर उजेड मोजते आणि सावली काळी होऊ देते. तुम्ही बहुधा सावलीतले चेहरे दिसावेत म्हणून एक्स्पोजर वाढवत असणार आणि मग उन्हाचा भाग पांढराफटक होतो.

फोकससाठी खिडकीत बसून ऑटोफोकसवर विसंबू नका, तो बऱ्याचदा काचेवरचे डाग पकडतो. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर) ३५ ची लेन्स, एफ/८, फोकस अडीच मीटरवर लावला तर साधारण पावणेदोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्वीकारण्यासारखं शार्प येतं. खिडकीसमोरच्या फुटपाथवरून जाणारा माणूस एवढ्याच अंतरात असतो. २८ ला एफ/८ आणि दोन मीटर लावलं तर सव्वा मीटर ते पाच मीटर. एकदा लावलं की फोकसचा विचार सोडून द्यायचा आणि फक्त बघत बसायचं.

काचेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मला तो विषय मनापासून आवडतो. प्रतिबिंब नको असेल तर लेन्सचं तोंड काचेला टेकवा, लेन्सच्या तोंडाला लावायचं रबरी हुड असेल तर उत्तमच, आणि गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत सगळ्यात आधी दिसतो. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, काम करतो पण काचेकडे सरळ बघताना नाही, तिरकं बघावं लागतं, काचेला लंब रेषेपासून साधारण ५५ अंशांवर तो सगळ्यात चांगला चालतो आणि त्याबद्दल दीड-दोन स्टॉप उजेड खातो. पण माझं म्हणणं, प्रतिबिंब काढायच्या मागे लागायच्या आधी ते वापरून बघा. न्यूयॉर्कमध्ये राहिलेला सॉल लायटर, मूळचा चित्रकार, त्याने वाफ धरलेल्या काचांतून, पावसाच्या थेंबांतून, अर्धवट दिसणाऱ्या माणसांचे रंगीत फोटो काढले, आणि फोटोग्राफर व्हिव्हियन मायरने दुकानांच्या काचांत आणि आरशांत स्वतःला पकडलं. त्यात एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, प्रतिबिंबाचा फोकस काचेवर नसतो. काचेपर्यंतचं अंतर अधिक काचेपासून त्या वस्तूचं अंतर, तिथे असतो. म्हणजे मोठं ॲपर्चर ठेवलं तर बाहेरचा माणूस शार्प आणि आतला दिवा धूसर, किंवा त्याच्या उलट, हे तुमच्या हातात आहे. जेवून बाहेर पडलात की हेच बाहेरून करून बघा, काचेत उजळ रस्ता दिसतो तिथे आतलं काही दिसणार नाही, पण एखादा गडद माणूस काचेसमोरून गेला की त्याच्या आकारात आतलं टेबल, आतली माणसं एकदम उघडतात. असला फोटो मिळाला की त्या दिवशी मला दुसरं काही नको असतं.

आणि हे घरी करून बघा, मग हॉटेलात करा. सरळ उभा, गोल, साधा काचेचा पेला पाण्याने भरून खिडकीजवळ ठेवा आणि डोळा पेल्याच्या उंचीवर आणा. बाहेरचा रस्ता त्यात छोटा होऊन दिसतो आणि डावं-उजवं उलटं असतं, म्हणजे खरा माणूस डावीकडून उजवीकडे जातो आणि पेल्यातला उजवीकडून डावीकडे. पाण्याच्या वर जिथे पेला रिकामा आहे तिथे तोच माणूस सरळ दिशेने जाताना दिसतो. दोघे पेल्यात एकमेकांना ओलांडतात तो क्षण अगदी कमी वेळाचा असतो, पण रस्त्यावर वर्दळ असली की परत परत येतो. फोकस पेल्यातल्या चित्रावर लावा, पेल्याच्या कडेवर नको. माझ्या टेबलावर पहिलं पाणी येतं तेव्हा ते मी लगेच पीत नाही ते यामुळे.

पिवळ्या फोटोंचं कारण सोपं आहे. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका पिवळा; खिडकीतला उजेड साधारण ५५०० केल्व्हिनच्या आसपास आणि आतले पिवळे दिवे २७०० ते ३०००, दोन्ही एका ताटावर पडले की कुठलाही व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणूनची रंगाची सेटिंग) दोघांना बरोबर करू शकत नाही. खिडकीपासून हातभर अंतरावर बसलात तर दिव्याचा प्रभाव आपोआप कमी होतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून द्या आणि हात लावू नका. दिवा अगदी डोक्यावरच असला तर बंद करता येईल का असं विचारायला हरकत नाही, रिकाम्या वेळी बरेच जण करतात. फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर ते दिव्यांचं लुकलुकणं आहे, वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०, आणि आत सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो टाळा, पट्टे त्यानेच जास्त येतात.

ताटाचा फोटो एका मिनिटात उरकायचा. आधीच चौकट लावून ठेवा, ताट कुठे येणार ते माहीत असतंच, तिथे नॅपकिन ठेवून एक्स्पोजर बघून घ्या. ताट आलं की दोन-तीन फोटो, एक बसल्या जागेवरून, एक समोरच्याचा हात आत येताना, बास. गार झालेलं जेवण खाण्यात काही अर्थ नाही आणि तुमचा मित्र वैतागतो तो इथेच वैतागत असणार. माझ्याबरोबर येणाऱ्यांशी माझा सरळ ठराव असतो, जेवण येईपर्यंत कॅमेरा माझा, ताटाचे ते दोन-तीन फोटो झाले की कॅमेरा बॅगेत आणि गप्पा, शेवटचा घास झाला की परत कॅमेरा. ठरवलं की कुणाला त्रास होत नाही. बोटं पुसल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नका, तेलकट बोट लेन्सवर लागलं की पुढचे सगळे फोटो धुरकट आणि ते घरी गेल्यावर कळतं.

आता तुम्ही न विचारलेली पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, की हे फोटो शेवटी ठेवायचे कसे. टेबलाचे फोटो एका फोल्डरला आणि रस्त्याचे दुसऱ्या असं करू नका, जोड्या लावा. डावीकडे टेबल, उजवीकडे रस्ता. जोडी कशावर जमते? उजेडाची दिशा एक असली तर जमते, टेबलावर उजेड डावीकडून येतोय तर रस्त्यावरही डावीकडून हवा. एक रंग दोन्हीकडे असला तर जमते. आणि हातांवर तर हमखास जमते, चमचा धरलेला हात आणि छत्रीचा दांडा धरलेला हात, पेला पुढे करणारा आणि गाडी थांबवायला वर गेलेला. दोन्ही फोटो एकाच लेन्सचे, एकाच रंगसंगतीत प्रोसेस केलेले ठेवा. जमत नाही ती म्हणजे अर्थावर लावलेली जोडी. भरलेल्या ताटाशेजारी रस्त्यावरचा उपाशी माणूस लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कृपा करून करू नका. त्या माणसाने तुमच्या ताटाशेजारी बसायला होकार दिलेला नाही, आणि त्याच्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

जेवल्यावरच्या सुस्तीचा उपाय पण मी यातच शोधलाय. दुपारची ती मरगळ फक्त जेवणामुळे नसते, शरीराच्या घड्याळात तो उतार असतोच, न जेवताही थोडी येते, भरपेट जेवलं की वाढते. म्हणून कमी जेवा आणि जेवल्या जेवल्या चालायला निघू नका. पंधरा मिनिटं बसून सकाळचे फोटो कॅमेऱ्यावर चाळा आणि कुठल्या फोटोला अजून जोडी नाही ते बघा. सकाळी लाल छत्री मिळालीय तर आता लाल काहीतरी टेबलावर शोधा, मिळालं नाही तर तेच डोक्यात ठेवून बाहेर पडा. शोधायला काहीतरी असलं की पाय आपोआप उचलतात, ऊनही तोपर्यंत थोडं कलतं.

परवानगीचं. रस्ता सार्वजनिक असला तरी हॉटेल खासगी जागा आहे, तिथे मालकाचं चालतं. मी ऑर्डर देतानाच विचारते, खिडकीतून बाहेरचे आणि आमच्या टेबलाचे फोटो काढले तर चालेल ना. बहुतेक वेळा चालतं, नाही म्हणाले तर नाही. शेजारच्या टेबलावर खाणाऱ्यांचे चेहरे मी काढत नाही, तोंडात घास असताना कुणालाच आपला फोटो नको असतो, हात, पाठ, सावली पुरे. लहान मुलं आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. रस्त्यावरच्यांसाठी तुमच्या देशाचा कायदा बघा, जर्मनीत माणसाचा ओळखू येणारा फोटो प्रसिद्ध करायला संमती लागते असा १९०७ पासूनचा कायदा आहे, त्यात अपवाद आहेत पण मूळ नियम तो. हंगेरीत २०१४ पासून लागू झालेल्या नागरी कायद्याप्रमाणे फोटो काढायलाच संमती लागते. काही देशांत सार्वजनिक जागी बरंच मोकळं आहे. कायदा काहीही असो, कुणी हाताने नको म्हणालं की कॅमेरा खाली.

एसीतून बाहेर पडतानाची एक अडचण राहिली. तासभर गार हवेत बसलेला कॅमेरा दमट उन्हात काढला की काच धुकटते, कारण गार काचेवर हवेतलं पाणी बसतं. निघायच्या आधी कॅमेरा बॅगेत घालून चेन बंद करा आणि बाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघडू नका. धुकं धरलंच तर पुसत बसू नका, परत येतं, आपोआप जाऊ द्या. आणि टेबल निवडताना एसीच्या थेट झोताखालचं घेऊ नका.

तर आता लेन्स. बसल्या जागेवरून ताट साधारण अर्ध्या मीटरवर असतं. फुल फ्रेमवर तिथे ५० ने साधारण ३५ सेंटीमीटर रुंदी दिसते, म्हणजे नुसतं ताट. ३५ ने अर्धा मीटर, म्हणजे ताट, पेला आणि समोरच्याचा हात. २८ ने त्याहून जास्त, पण कडेला आलेलं गोल ताट अंडाकृती ताणलं जातं. बाहेर तीन मीटरवरचा माणूस आडव्या चौकटीत ३५ ने डोक्यापासून पायापर्यंत बसतो, ५० ने गुडघ्यापर्यंत. म्हणून माझं उत्तर ३५, क्रॉप म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर २३. फक्त किती जवळ फोकस होतो ते बघून घ्या, रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून हाताने फोकस करायचे कॅमेरे) च्या बऱ्याच लेन्स ७० सेंटीमीटरच्या आत येत नाहीत, मग ताटासाठी उभं राहावं लागतं. फुजी एक्स१०० किंवा रिको जीआरसारखे छोटे कॅमेरे १० सेंटीमीटरपर्यंत जातात आणि टेबलावर ठेवले तर कुणाच्या डोळ्यातही येत नाहीत. तुमच्याकडे आत्ता ५० च असेल तर ती विकून नवीन घ्यायची घाई नको. खिडकीपासून एक टेबल मागे बसा. ताट तेवढंच दिसेल, पण बाहेरचा पूर्ण माणूस चौकटीत येईल, आणि पुढच्या टेबलावर बसलेल्यांच्या काळ्या आकृत्या आणि खिडकीची चौकट पण.